कोपराची उंची

तोंच्काने फूटपट्टी हातात घेतलीच नाही.
खुर्चीत बसली, पाठ टेकली,
कोपर हवेत धरून म्हणाली, "इथे.
इथे तुझी फळी यायला हवी, द्रेइत्स.
बोटभर वर नको, बोटभर खाली नको."
मी हवेतच पेन्सिलीची खूण केली म्हणा ना.

तिचा लादो चाळीस वर्षं जेवणाच्या टेबलावर
ट्राउटसाठी माश्या बांधायचा.
सूपमध्ये कोंबड्याच्या मानेची पिसं,
पावात एकदा गळ, सोळा नंबरचा,
तो इद्रियाच्या डॉक्टरने जिभेतून काढला.
सांगताना ती हसली, अजून राग असल्यासारखी.
लादो मागच्या थंडीत गेला.
मागण्यांची वही उरली: ऑस्ट्रियातले दोघे भाऊ,
उडीनेचा एक दंतवैद्य,
पुलाजवळच्या दुकानाला महिन्याला दहा डझन.
वही बंद करायची नाही, हे तिचं ठरलं होतं.
टेबल मात्र वेगळं हवं.

कड उचललेली, परातीला असते तशी,
कारण निसटलेला गळ जमिनीवर पडत नाही,
तो मोज्यात पडतो.
मागे राखाडी पुठ्ठ्याची वीतभर भिंत,
सशाच्या कानाची लव लाकडापुढे विरून जाते
आणि सत्तरीत डोळे उसने मिळत नाहीत.
कात्रीला भोक, सुईला भोक,
लाखेच्या बाटलीला खोल वाटी.
फळीखाली कातरणांची झोळी.
पाय टेकायला दांडी; खाणकामगारांच्या घरातल्या खुर्च्या
पुरुषांच्या मापाच्या असत,
तिचे पाय जन्मभर लोंबकळलेले.
उजेड डाव्या खांद्यावरून, हे मी ठरवलं.
सुतारशाळेत तसंच शिकवतात.

खणांवर चिठ्ठ्या लावू?
"नको. खण महिन्यांचे.
मार्चमध्ये काळं. मेमध्ये बदकाचं ते पीस,
शेपटीशी तेल पाझरतं तिथलं, बुडवलं तरी वर येणारं.
ऑगस्टात मुंग्या.
नदी कोंबडा, ससा, बदक असं काही मागत नाही,
ती तारीख बघते."

रिळांसाठी मी पितळी खुंट्या आणल्या होत्या,
तिने परत दिल्या.
आईच्या कांड्या काढल्या, लेस विणायच्या,
बोटांनी घासून मधाच्या रंगाच्या झालेल्या.
चौदा कांड्या मी खाचेत बसवल्या,
एकही खिळा न मारता.

जूनमध्ये टेबल खिडकीशी लागलं.
ती बसली. कोपर फळीवर बरोब्बर उतरलं.
पितळी पकडीत गळ अडकवला, दोरा घेतला
डाव्या हातात,
आणि तिच्याच हाताची सावली गळावर पडली.

"तू डावरी?"
"शाळेत नव्हते. तिथे बोटांवर रूळ बसायचा.
घरी रात्री कोण बघतंय?"
मग वही उघडून माझ्यापुढे सरकवली.
दंतवैद्याचं पत्र, सात वर्षांपूर्वीचं:
*त्या उलट्या वळणाच्या अजून दोन डझन पाठवा,
त्यांनाच मोठे मासे लागतात.*
"निम्म्या माश्या कुणाच्या होत्या वाटतं तुला?"

मला काही बोलता आलं नाही.
मी स्क्रू काढायला लागलो.
दिवा उजवीकडे नेला, कांड्या उजवीकडे,
कात्रीची भोकं डावीकडे नवी पाडली.
जुनी दोन उघडी राहिली.
बुजवू का, विचारलं.
"असू दे."
आता एकात पेन्सिल असते,
दुसऱ्यात लादोची कात्री, तिच्या हाताला कधीच न बसलेली.
आठवण म्हणून?
"नाही रे. सुतळी कापायला."

काल खुर्चीचा डगडगणारा पाय बघायला गेलो.
बाहेर इद्रीयत्सा पावसाने गढूळली होती,
आठवडाभर कुणी नदीत उतरणार नव्हतं,
तरी ती बांधत होती.
तिच्या बोटांतून एक गळ निसटला,
घरंगळत गेला, कडेशी थांबला.
मी पाहिला.
तिने दुसरा उचलला.