जिभेएवढी साल

तेगवेन आधी कोयत्याची पाठ दाखवतात,
मग धार.
पाठीशी ओळख झाली की धार, असं काहीसं म्हणतात,
उरलेलं वाक्य वारा घेऊन जातो
खाली टवी नदीकडे, मेंढ्यांच्या अंगावरून.

जानेवारीतला शनिवार. आम्ही पाच जण
वेल्समधल्या एका उतारावर, विस्कटल्या कुंपणापुढे.
कुंपण म्हणजे झाडंच. हेझेल, हॉथॉर्न,
मधे मधे ब्लॅकथॉर्न, ज्याचा काटा पेरात मोडला
तर बोट आठवडाभर ठणकतं. माझं ठणकतंय.
वीस वर्षं कोणी हात लावला नाही,
तशी सगळी उंच गेली, नुसती वर वर,
आणि बुंध्याशी भगदाडं.
कुंपणानं शेत खाल्ल्याचं ऐकलं होतं,
इथं शेतानंच कुंपण खाल्लेलं.
मेंढी वर बघत नाही, तेगवेन म्हणतात,
मेंढी भगदाड बघते.

शिकायचं ते एवढंच:
बुंध्याशी तिरपा घाव. दुसरा त्याच वाटेनं.
झाड जवळजवळ तोडायचं.
"जवळजवळ"पाशी त्या थांबतात, चष्मा पुसतात,
पुन्हा म्हणतात, जवळजवळ.
राखायची जिभेएवढी साल, तिच्यामागे थोडं ओलं लाकूड.
तेवढ्यावर झाड आडवं निजतं
चढाकडे डोकं करून,
आणि एप्रिलात फुटतं.
त्यांच्या भाषेत याला शब्द आहे, प्लगी.
चादरीची घडी, पत्राची घडी, गुडघा वाकणं,
सगळं प्लगी.
भाषा माझ्या आईचीही होती.
माझ्यापर्यंत पोचली नाही.

एक निवृत्त बसचालक. दोन बहिणी,
ज्यांनी शेत घेतलंय आणि आता घाबरल्यात.
मी, औषधाच्या दुकानात गोळ्या मोजणारी.
आणि इयेस्तिन, वय पंधरा,
ज्याचा बाप ट्रॅक्टरला यंत्र लावून
दुपारभरात चार मैल कुंपण कुरतडतो,
मागे राहतात पांढरी, पिंजलेली टोकं.

इयेस्तिनचं तिसरं झाडही तुटून हातात आलं.
त्यानं ते मागे लपवलं,
दहा फुटांचं झाड, पाठीमागे.
कोणी हसलं नाही. मी थोडी हसले.
तेगवेन घावाकडे बघतच नव्हत्या,
त्या त्याच्या हाताकडे बघत होत्या.
मग काही न बोलता खाली फाटकाकडे निघाल्या,
आम्ही चिखलातून मागे.

तिथं एक हॉथॉर्न आडवा, मांडीएवढा जाड,
त्याच्या अंगातून सरळ वर गेलेल्या सात फांद्या.
त्यांनी नखानं शेवाळ खरवडलं.
जुना घाव. उलट्या अंगानं तिरपा.
"ग्विलिमचा," त्या म्हणाल्या. "डावखुरा होता.
शेजारी. अकरा वर्षं आमचं बोलणं नव्हतं,
एका ओढ्यावरून.
पण कुंपण माझ्या बाजूनंही नीट विणायचा,
कोणी बघत नसताना."
कोण बघत होतं, ते आम्ही विचारलं नाही.

पुढच्या शनिवारी पिठाच्या पोत्यात गुंडाळून
त्यांनी एक कोयता आणला.
धार दुसऱ्या बाजूला घासलेली.
"तो गेल्यावर लिलाव झाला, त्यात घेतला.
मला काही उपयोग नव्हता."

इयेस्तिननं वजन तोललं.
एक घाव. दुसरा.
झाड करकरलं, कललं,
आणि राहिलं.
बसचालकानं नाक शिंकरलं.
"दांडा ढिला आहे," तेगवेन म्हणाल्या,
"रात्रभर पाण्यात ठेव. आता पुढचं."
परत कधी आणायचा, त्यानं विचारलं नाही.
त्यांनीही सांगितलं नाही.

रात्री दिव्याखाली सुईनं काटा काढताना
मी तो शब्द म्हणून पाहिला.
प्लगी.
कुणी ऐकायला नव्हतं.
ग जरा जड गेला.
पुन्हा म्हटला.