इतिवृत्तात नसलेलं

बोलणी अकराव्या रात्रीवर आली होती.
मेन राज्यात, नदीकाठची आमची कागद गिरणी,
विषय एकच: मशीन नंबर तीन.
टेबलाच्या अलीकडे युनियनचा रेजाँ थिबोडो,
पलीकडे मॅनेजर कॅल्विन स्प्राउल,
आणि कोपऱ्यात मी, लोरेन, शब्दन् शब्द टिपणारी.

जेवण म्हणजे गार पिझ्झा,
कॉफी अशी की चमचा उभा राहावा.
एक वाजेपर्यंत दोघांचंही पित्त खवळलेलं,
म्हणजे खरोखरचं,
छातीच्या हाडामागे, आंबट, घशाशी आलेलं.

मग रेजाँनं कोटातून बरणी काढली.
खडखड.
ती खडखड मी टिपली नाही.
एक नारिंगी गोळी त्यानं तोंडात टाकली
आणि स्प्राउलकडे न बघता
बरणी टेबलावरून सरकवली,
जणू मागणीपत्रच.

स्प्राउलनं हिरवी घेतली.
मग रोज हिरवीच. रेजाँला हिरवीची चव
दातांच्या डॉक्टरकडची वाटायची.
दोघं चावत राहिले,
फळ्यावर खडू मोडावा तसा आवाज,
आणि तेवढी चार-पाच मिनिटं
कुणी कुणाच्या पोटावर पाय देत नव्हतं.

मी लिहिलं: २.१० ते २.१५, विराम.

लिहिलं तो कागदही आमच्याच गिरणीचा.
खालच्या टाकीत चुनखडीची भुकटी कालवतात,
कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून.
माझा भाऊ आर्मंड एकोणीस वर्षं ती कालवतोय,
पापण्या पिठूळ करून घरी येतो.
गोळीतही तीच की,
फक्त साखर घातलेली, रंगवलेली.

चौदाव्या रात्री ठरलं. तीन नंबर बंद.
एकशे बेचाळीस माणसं.
सह्या झाल्या. हात कुणी मिळवले नाहीत.
स्प्राउल म्हणाला, "बरणी राहिली तुमची."
रेजाँ दारातूनच म्हणाला,
"हिरव्याच उरल्यात. ठेवा."

तीन प्रती टाइप करून मी घरी आले.
आर्मंड स्वयंपाकघरात, दिवा न लावता.
त्यानं विचारलं नाही.
यादी माझ्या पोटात होती,
सकाळी नऊपर्यंत तिथंच ठेवायची होती,
आणि ती वर वर येत होती.

पर्समध्ये तळाशी एक गोळी सापडली, पिवळी,
कधीची कोण जाणे.
मोडली. तुकडे सारखे झाले नाहीत.
मोठा त्याला दिला.