आय विल, या

इंग्रजी मी वहीत आमच्या जॉर्जियन अक्षरांत लिहिते,
कारण स्पेलिंग पाहिलं की उच्चार पळून जातो.
पहिल्या पानावर: सॉफ्ट डे.
मऊ दिवस.
बाहेर अटलांटिकवरून आलेली भुरभुर,
कुंपणाला टेकलेली ओलीगच्च मेंढी,
आणि खुर्चीतून फेस्टस लाव्हेल म्हणतात,
मऊ दिवस आहे, नानुली.
मी खिडकीतून हात काढून पाहिला.
मऊ काही लागलं नाही. गार लागलं.

पुढे: गिव्हिंग आऊट.
नर्स ब्रीज म्हणाली, स्वयंपाकघरात डोलोरेस
सकाळपासून गिव्हिंग आऊट आहे.
काहीतरी वाटत असेल म्हणून बशी घेऊन गेले.
ती सगळ्यांना झापत होती.
माझ्याही बशीत पडलं थोडं.

गोळ्या घेणार ना, फेस्टस?
आय विल, या.
मी पेला धरून उभी.
भविष्यकाळ, वर आणखी एक होकार,
व्याकरणात कुठे खोट नव्हती.
बावीस वर्षं झेस्ताफोनीच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवलं मी;
दोन होकार एकत्र केले की नकार तयार होतो
हे कुठल्याच समीकरणात बसेना.
त्यांच्या गालावरची सुरकुती आधी हलते,
शब्द मागून येतात,
एवढं कळायला नोव्हेंबर उजाडला.

मग ब्रीजने विचारलं, रविवारी जादा ड्युटी करशील?
म्हटलं, आय विल, या.
फेस्टस इतके हसले की कवळी निसटली.

झोपेत ते हाक मारायचे, मामा, मामा.
आमच्यात मामा म्हणजे बाप.
महिनाभर मी सकाळी त्यांना बापाबद्दल विचारत राहिले
आणि तेही सांगत राहिले,
होडी कशी होती, हात केवढे होते.
पुढे त्यांची बहीण भेटायला आली, म्हणाली,
अगं, तो आईला हाक मारतो.
बापाशी त्याचं कधी पटलंच नाही.

जानेवारीत ब्रीजने फाइल मिटली.
ही इज फेलिंग, म्हणाली.
मला राग आला.
चौऱ्याऐंशीव्या वर्षी कसली परीक्षा घेता माणसाची?
अर्धी वाटी सूप संपवलं त्यांनी,
समोरच्या माळावरची मेंढरं मोजली, दोनदा,
दोन्ही वेळा सारखीच भरली.
हवं तर पुन्हा बसवू, म्हटलं, मी तयारी करून घेते.
ब्रीज काही बोलली नाही.
माझ्या मनगटावर हात ठेवून उभी राहिली.
तो शब्द मी वहीत उतरवला नाही.

रात्री पांघरूण सारखं करताना
सवयीने विचारलं,
सकाळी दाढी करायची आहे, जागे असाल ना?

सुरकुती हलली.
आय विल, या.

पेला हातात घेऊन मी दाराशी थांबले.
जूनमध्ये विमानातून उतरले तेव्हा
जेवढं येत होतं
तेवढंच इंग्रजी हवं होतं मला
त्या एका रात्रीपुरतं.