सातवी ब, चौथा तास

शब्दकोशात त्याला साडेतीन पानं दिलीत.
तीनच अक्षरं, आर, यू, एन,
आणि साडेतीन पानं अर्थ.
एका सातबाऱ्यावर एवढी नावं निघाली
तर तलाठी हात जोडून घरी जाईल.

मी फळ्यावर लिहिलं: रन.
मुलं एका सुरात म्हणाली: पळणे.
बरोबर, म्हटलं, पण थांबा.
इंग्रजाची मोटरसुद्धा पळते.
त्याचं दुकान पळतं, शाळा पळते,
नदी पळते, नाक पळतं.
पहिल्या बाकावरच्या गोलूनं लगेच नाकाला बाही लावली.
लुगड्याचा कच्चा रंग बादलीभर पळतो.
आपला उमेदवार निवडणुकीला नुसता उभा राहतो,
त्याला तिथंही पळावं लागतं.

मागून दिगांबर राठोड म्हणाला,
"सर, मंग थो बसते कवा?"

वर्ग हसला. मीही.
शाळेच्या भिंतीला लागून भोंगाड्यांची पीठगिरणी.
पट्टा फटफटत होता,
खिडकीच्या गजांवर ज्वारीच्या पिठाची साय.
मी म्हटलं, ऐका,
ही गिरणी आपल्या भाषेत चालते.
घर चालतं. केस चालते दारव्ह्याच्या कोर्टात,
तीन पिढ्या, पायीपायी.
फाटकी नोट बाजारात चालते, नाहीतर चालत नाही.
वरणात मीठ कमी पडलं
तरी बाप ताटावरून मान न उचलता म्हणतो, चालते.
गोऱ्याचं सारं पळतं, आपलं सारं चालतं.
मला माझंच वाक्य आवडलं.
तासाला एकशेवीस रुपये मिळणाऱ्या माणसाला
असं एखादं वाक्य परवडतं.

घंटेला सात मिनिटं होती.
जोशात होतो, लिहून टाकलं:
शी रॅन अवे.
म्हणजे, ती पळून गेली.
पाहा, म्हटलं, एवढं एकच
दोन्ही भाषांत पळतं.

कुणी हसलं नाही.
दिगांबर पेन्सिलीला टोक करू लागला,
टोक आधीच होतं.
तिसऱ्या बाकाकडे पाहायचं नाही म्हणून
अख्ख्या वर्गानं एवढी काळजी घ्यावी,
हे मी कधी पाहिलं नव्हतं.
मी जूनपासूनचा, दिग्रसहून एसटीनं येणारा.
मला कोण सांगणार
की तुरीच्या हंगामात थ्रेशर घेऊन आलेला ड्रायव्हर,
आणि गिरणीवाल्याची थोरली.

रजनी भोंगाडे उभी राहिली.
वही मिटलेली, बोट आत.
"सर, शालूताई पयाली नाही जी.
चालत गेली. म्या पाह्यलं.
नवी चप्पल चावते म्हनून जुनीच घातली.
बाभयीपाशी थांबली, काटा काढला,
मंग फाट्यापर्यंत पुन्हा चालत.
पयाला तं माहा बाप.
मांगून. उघड्या पायानं.
गिरनी चालूच ठेवून."

बसली.

भिंतीपलीकडे पट्टा फिरत होता.
मग लाईन गेली.
पट्टा एकदम थांबत नाही,
दोन-चार फेरे उगाच घेतो, जड होत जातो.
त्यालाही इंग्रजीत एक प्रयोग आहे,
साडेतीन पानांत कुठंतरी.
मी तो सांगितला नाही.
डस्टर उचललं.
फळ्यावरचं नेमकं काय पुसायचं ते ठरेना
तेवढ्यात घंटा झाली.

घटक चाचणीत प्रश्न दुसरा: वाक्यात उपयोग करा.
रजनीनं दिलेला शब्द वापरलाच नव्हता.
माय सिस्टर वॉक,
एवढंच, पेन दाबून.
शेवटी एक एस हवा होता.
मी लाल पेन तिथं टेकवलं आणि तसंच धरून बसलो.
पेपरांचा कागद पातळ, शाळेनं घाऊक आणलेला.
पेन उचललं तेव्हा
एस लागलाच नव्हता,
फक्त एक लाल ठिपका,
आणि तो कागदातून हळूहळू
चालला होता.