मागचा आरसा

इझमीरच्या बंदराजवळ माझं दुकान.
अकरा वर्षं जेव्देत येतो,
आणि अकरा वर्षं मागचा आरसा
खुंटीवरच राहतो.

पुढचं कपाळ त्याने भरून घेतलं
लग्नाआधी, उसनवारीवर.
मागून कातडीची पट्टी काढली,
कडा ओढून शिवल्या.
टाके ओले असतानाच हा गेला
अंजिरांची खोकी उचलायला.
व्रण पसरला. बोटभर रुंद, वर आलेला,
या कानापासून त्या कानापर्यंत,
डोक्याला झाकण बसवल्यासारखा.

"मागे लांब ठेव," एवढंच म्हणायचा.
मी कात्री वळवून न्यायचो,
झोपलेल्या कुत्र्याला वळसा घालावा तशी.

गेल्या वर्षी सुया सुरू झाल्या.
डॉक्टरीणबाई औषध थेट व्रणात सोडायची,
हा खुर्चीचा दांडा आवळून
सासुरवाडीला शिव्या घालायचा म्हणे.
रात्री सिलिकॉनची पट्टी,
सकाळी ती उशीला चिकटलेली.
हळूहळू व्रण बसला, मऊ पडला.
मग तिने हनुवटीखालचे केस उपटून
तिथे लावले, एकेक,
तंबाखूच्या रोपांसारखे.

आज म्हणाला, "बारीक कर. मागेही."
मशीन फिरवलं.
पांढुरकी रेघ उरलीच,
पण तिच्यात दाढीचे राठ केस,
दोन-तीन पिकलेले.

मी आरसा काढला, धूळ शर्टाला पुसली.
तो बराच वेळ बघत राहिला.
"म्हणजे आता इथली दाढीही तुझ्याकडेच,"
म्हणाला,
"पैसे मात्र एकीचेच देईन."