ब्रेकवर सासूबाई

डावीकडे वळताना टक-टक,
पूर्ण वळवलं की टकटकटक.
पारोळ्याहून येताना मागच्या सीटवरून माय म्हणाली,
"मन्हा गुडघासारखं वाजस व हाई."
बरोबर ओळखलं होतं तिने.
शाफ्टचा बाहेरचा जॉइंट गेलेला, बूट फाटलेला,
चाकाच्या आत सगळीकडे उडालेलं काळं ग्रीस.

सुरतेहून ह्यांचा फोन : गॅरेजला टाक.
गॅरेजवाला म्हणाला साडेसात हजार, शॉकअप वेगळे.
जळगावला जुना शाफ्ट मिळाला अठराशेला.
शॉकअप मात्र नवेच घेतले.
हे बापाचं शिक्षण. धुळ्याला, आग्रा रोडला
दहावीपर्यंत मी ट्रकच्या पाट्यांना ग्रीस लावायचे,
बघायला पाहुणे येणार असले
की हात रॉकेलने धुवायचे.

मे महिना. सहालाच सुरुवात केली.
नवानंतर अमळनेरात पाना हातात धरवत नाही.
चाक जमिनीवर असतानाच मधला नट सैल करायचा,
तोवर कुणीतरी ब्रेक दाबून धरायचा.
शेजारचा हेमराज उठला नव्हता.
घरात माय होती.

लुगडं सावरत ती पुढे बसली, उजवीकडे.
एकोणसत्तर वर्षांत पहिल्यांदा.
"दाबू का व?"
दाबा.
"कोनतं?"
मधलं.
मी गोटी बसवली, पान्याला बोअरचा जुना पाईप अडकवला,
पाईपवर उभी राहिले. नट हलेना.
थोडी उडी मारली. बापाने शिव्या दिल्या असत्या.
आत माय, दोन्ही हात स्टिअरिंगवर,
दोन्ही पाय एकाच पेडलवर,
दावं तोडून निघालेलं वासरू धरावं तशी.

कड्ड!
"मोडनं का?"
नाही. सुटला.

मग तिला उतरवून गाडी जॅकवर,
खाली बाभळीचे ओंडके.
बॉल जॉइंटवर हातोडा. शाफ्ट ओढला
आणि गिअरबॉक्सचं तेल गळायला लागलं,
घमेलं सापडेना,
मी कळण्याच्या भाकरीची परात सरकवली.
ओट्यावरून मायने पाहिलं.
काही बोलली नाही.

स्प्रिंग आवळताना म्हटलं, घरात जा,
सुटली तर जबडा नेईल.
ती दोन पायऱ्या मागे सरकली, तेवढंच.

नवा शाफ्ट आत गेला
आणि कुठेतरी खोल एक बारीक टिक् झाली.
त्या टिकसाठी मी हे सगळं करते बहुतेक,
पैशांचं आपलं सांगायला.

चाक खाली टेकलं. नट आवळायचा होता.
हाक मारायला वळले तर माय आधीच आत,
चपला बाहेर काढून, देवळात काढाव्या तशा.
दाबा.
दाबलंच होतं.

झालं माय, उतरा आता, ऊन चढलं.
"माले बठू दे जराक. आठे बरं वाटस."
समोर काच. काचेपलीकडे आमचीच गल्ली,
नळाची रांग, कुणाची तरी शेळी.
ती बघत बसली.

मी नळाखाली साखर-साबणाने हात चोळत होते
तेव्हा हॉर्न वाजला. एकदाच, छोटा.
शेजारी हेमराज उठला.