हीट क्रमांक एक

एकतीस वर्षं मालवण डेपोत ड्युट्या लावल्या मी.
कुणाला पुण्याची रातराणी, कुणाला आचरा फेरी,
आणि ज्याची बायको दिवसांत आहे त्याला मुक्कामाची गाडी नाही,
हे शेवटचं कुठल्या पुस्तकात नव्हतं.
म्हणून पोहण्याच्या संघटनेची माणसं घरी आली:
"वायंगणकर, राष्ट्रीय स्पर्धा आहे, प्रौढांची,
पंचविसापासून नव्वदीपर्यंत. हीट तुम्हीच लावा."
मला पोहता येत नाही.
त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

नियम साधा. मंद हीट आधी, वेगवान शेवटी.
आठ लेन. चांगल्या वेळेचा माणूस चौथीत,
त्याच्या खालचा पाचवीत, मग तीन, सहा, दोन, सात.
कडेला भिंतीवरून उलटणारं पाणी,
ते उरलेल्यांना.
चाकावरची सीटही कुणाला तरी द्यावीच लागते.

चारशे सव्वीस अर्ज. फॅनखाली उडू नयेत म्हणून
प्रत्येक गठ्ठ्यावर चिऱ्याचा एकेक तुकडा.
कुणी सेकंदाचे शंभर भाग करून लिहिलेले,
कुणी मधली लेन मिळावी म्हणून चक्क थाप मारलेली,
ती मला कळते, ड्रायव्हरांचा ताप मी असाच वाचायचो.
आणि देवबागचा एक, नातवाच्या अक्षरात:
आवडा जुवाटकर, वय बहात्तर, पन्नास मीटर.
वेळेच्या रकान्यात:
"खाडीपलीकडे जावन येतंय तवसर पेज शिजता."

पेज किती मिनिटांची?
बायको म्हणाली, तांदूळ कुठला त्यावर.
पुस्तक म्हणतं, वेळ नसेल त्याला सगळ्यांत मंद धरावं.
मी लिहिलं, वेळ नाही.

तिच्या हीटला माणसं पुरेनात,
म्हणून सत्तरीच्या बायका आणि पंच्याऐंशीचे पुरुष एकत्र केले.
चौथीत के. सी. कुरियन, कोट्टयम.
पाचवीत सुहासिनी देवस्थळी, मिरज.
तिसरीत आवडा.
बुधवारी यादी छापून आली. गुरुवारी कोट्टयमहून फोन,
मुलगी होती, मोडक्या हिंदीत दोनदा म्हणाली,
पप्पांचं नाव काढून टाका, पैसे परत नकोत.
छापल्यानंतर नाव निघत नाही.
लेन रिकामी राहते.

शनिवारी, सकाळी सात वाजून दहा मिनिटं.
आवडा नऊवारीचा काष्टा सोडून
नातीच्या काळ्या पोशाखात, टोपी कानांच्या वर.
शेजारी बघून म्हणाली, "हय कोण नाय?"
"येवचे होते," मी म्हटलं, "येवक गावूक नाय."
"मगे," ती म्हणाली, आणि पाण्याला हात लावून कपाळाला लावला.

शिट्टी.
देवस्थळीबाई सरळ गेल्या, पट्टीनं आखल्यासारख्या.
आवडा मान वर काढून, तिरकी.
खाडीत तिरकंच पोहतात, ओहोटी ओढते तेवढं आधीच धरून.
पण इथल्या पाण्याला ओढ नाही.
धरलेलं सगळं तिच्याकडेच राहिलं
आणि ती हळूहळू चौथ्या लेनकडे सरकली,
दोरी आली तशी दोरीखालून गेली,
जाळ्याखालून जावं तशी, न अडकता,
आणि कुरियनच्या भिंतीला हात लावून थांबली.

पंचांचा हात वर. दुसऱ्याच्या लेनमध्ये शेवट, बाद.
कुडाळ कॉलेजची एक पोर चौथ्या लेनला घड्याळ घेऊन,
तिला कुणी उठ म्हटलंच नव्हतं.
"काका, भिंतीला हात लागला म्हणून मी दाबलं."
एक मिनिट एकेचाळीस, पुढे काही शतांश.
यादीत त्या वेळेसमोर नाव कुरियनचं.

आवडा शिडीवर बसून कोकम पीत होती.
"किती झाला?"
मी म्हटलं, "पेज शिजली नसती."
बाद म्हणजे काय ते नातू सांगेल.

टेबलाशी येऊन मी त्या आकड्यावर रेघ मारली.
रेघ तिरकी आली. कागद दमट होता.
तेवढ्यात बघतो तर दुसरी हीट उभी,
आणि सातवीतले भावनगरचे वोरा आठव्या ठोकळ्यावर चढलेले.
"अहो, सात! सात!"
ते आणखी एक पायरी वर चढले.